आत कोणी आहे का?

"ही म्हैस आहे?"

कोळेकर मॅडम रुळाच्या कडेच्या गटारात उतरून उभ्या होत्या. हातातल्या काठीने त्यांनी मेलेल्या जनावराचा पुढचा पाय उचलून धरला. गुडघ्याखाली तो पाय पांढरा होता, मोजा चढवल्यासारखा.

मी वर खडीवरून म्हटलं, "रेडकू आहे. वाडीतलं कुणाचं तरी."

"मोजे घातलेलं रेडकू मी अजून बघितलं नाही, मोर्ये. आणि वाडीतलं असतं तर मालक एव्हाना बोंबलत स्टेशनात आला नसता?"

त्यांनी पाय खाली सोडला, काठी गवतावर पुसली आणि वर येऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. वैजयंता कोळेकर, आमच्या भागातल्या वनरक्षक. गगनबावड्याकडच्या. बदली होऊन आल्याला वर्षही झालं नव्हतं. खाकी शर्टाच्या खिशात कायम एक छोटी वही, आणि नजर अशी की समोरच्याने आधी डोळे खाली घालावेत.

"गव्याचं पाडस आहे. दीड वर्षाचं असेल," त्या म्हणाल्या. "तुमच्या डायरीत म्हैस लिहिलंय. तुम्हीच लिहिलंय."

मी लिहिलं होतं हे खरं. मी तेव्हा कातळवड स्टेशनचा की-मन होतो. रोज सकाळी उजाडता उजाडता खांद्यावर हातोडी आणि पाना घेऊन सहा किलोमीटर रूळ चालत तपासायचे, रूळ स्लीपरला पकडून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या असतील तर ठोकायच्या, तडा, दरड, पडलेलं झाड असं काही दिसलं तर कळवायचं. बरोबर लाल आणि हिरवी झेंडी, आणि धोक्याच्या वेळी रुळाला बांधायचे फटाके. इंजिनाचं चाक त्या फटाक्यावरून गेलं की तो मोठ्याने वाजतो आणि ड्रायव्हर ब्रेक मारतो. सात वर्षांच्या नोकरीत मला ते एकदाही बांधावे लागले नव्हते.

माझ्या हद्दीत बावीस नंबरचं कटिंग होतं. जांभ्याची अख्खी टेकडी मधोमध चिरून रूळ घातलेला. चारशे मीटर लांब, दोन्ही बाजूंना तीस-तीस फुटांच्या सरळ भिंती, दरड पडू नये म्हणून त्यांवर तारेची जाळी. मधे एकच रूळ आणि दोन्ही कडांना गटार. स्टेशनाकडच्या तोंडाला जंगलातून एक पायवाट उतरते. पलीकडच्या तोंडातून बाहेर पडलं की मातीचा उंच भराव, आणि पुढे वहाळावरचा पूल. त्या कटिंगात शिरलं की वर आभाळाची पट्टी तेवढी दिसते.

पाडस मंगळवारी पहाटेच्या मालगाडीखाली आलं होतं. मी ते पाहिलं आणि आधी मुकादमांना सांगितलं. शिवराम धुरी माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, चांगला माणूस, पण कागदाला भिणारा.

"यशा, तू काय बघलंस? म्हस बघलंस," ते म्हणाले. "गवो म्हणान लिवलंस तर सायब येतलो, फॉरेस्टवालो येतलो. आधी कित्याक नाय कळवलंस म्हणान तुकाच इचारतले. गाडये हळू चालवूक लागले की वरसून बोंब. आपल्याक काय करूचा आसा?"

मला ते पटलं, कारण पटवून घ्यायचंच होतं. गेला महिनाभर कटिंगात शेण दिसत होतं, खुरांचे ठसे दिसत होते. मी एकदाही लिहिलं नव्हतं.

मॅडमना यातलं काही मी सांगितलं नाही. त्यांनी वही काढली.

"तुम्ही लिहून दिलंत तर इथे पहाटेपुरता वेग कमी करून घेता येईल. माझ्या सांगण्याने तुमचे साहेब हलत नाहीत. म्हणतात, आमच्या माणसाला तर कधी गवे दिसलेच नाहीत."

"मला दिसलेच नाहीत."

त्यांनी वही मिटून खिशात घातली.

"बरं. मग एवढं तरी करा. पाडस मेलं की आई दोन-चार दिवस त्या जागी फिरून येते, कळपही तिच्या मागे येतो. आज पंचनामा करून आम्ही हे उचलू, पण वास राहणारच. उद्यापासून मी पहाटे स्टेशनाकडच्या तोंडाशी थांबते. तुम्ही एकटे आत जाऊ नका. मी आधी बघेन, मग आपण दोघं आत जाऊ."

मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मी अर्धा तास लवकर निघालो. त्यांच्याबरोबर चालताना धुरींनी किंवा आणखी कुणी बघितलं असतं, तर मीच चुगली केली असं झालं असतं. एवढंच कारण. त्या तोंडाशी पोचायच्या आत मी कटिंग ओलांडून पुलापर्यंत गेलेलो असेन, असा माझा हिशोब होता.

फेब्रुवारीचे दिवस. त्या पहाटे असं धुकं पडलं होतं की माझ्याच हातातली हातोडी धूसर दिसत होती. कटिंगाच्या तोंडाशी आलो तेव्हा झुंजूमुंजू झालं होतं, पण आत नुसतं पांढरं. मी टॉर्च लावला तर उजेड समोरच्या धुक्यावर आपटून परत डोळ्यांत आला. मी तो बंद केला आणि पायांखालचे स्लीपर मोजत चालायला लागलो.

पाडसाची जागा वासावरून कळली. मी तिथे थांबलो नाही. शंभर-सव्वाशे पावलं पुढे गेलो असेन, तेव्हा मागे खडी वाजली.

माणसाच्या पायाखाली खडी करकरते. हा आवाज तसा नव्हता. एकेक दगड दबून दुसऱ्यावर सरकत होता, आणि एका वेळी बऱ्याच ठिकाणी.

मी उभा राहिलो. आवाज थांबला. मग कुणीतरी नाकातून जोरात हवा सोडली, शिट्टीसारखी. अंगावरचे केस उभे राहणे म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं, मानेपासून मनगटापर्यंत.

हळूच मागे वळून पाहिलं. आधी काहीच दिसलं नाही. मग धुक्यात एक काळा डाग दिसला, माझ्या छातीपेक्षा उंच. त्याला पाय नव्हते. पांढरे पाय पांढऱ्या धुक्यात मिसळून गेले होते आणि ते एवढं मोठं काळं धड नुसतं अधांतरी उभं होतं. त्याच्या बाजूला दुसरं. मागे आणखी दोन किंवा तीन. पुढच्या धडाने मान खाली घातली तेव्हा शिंगं दिसली.

गवा माणसाला काय करतो हे मी पाहिलेलं होतं. आमच्या गावचे बाबी राऊळ काजूच्या बागेत सापडले होते. त्यांना चादरीत गुंडाळून आणणाऱ्या चौघांत मी एक होतो.

मी पाठ न फिरवता मागे मागे सरकायला लागलो. भिंतीवर चढावं तर जाळीच्या भोकात बूट शिरत नव्हता. गटार दोन फूट खोल. ते सावकाश पुढे येत होते. माझ्यावर धावून येत नव्हते, मी तिथे आहे हे त्यांना कळलं होतं की नाही देव जाणे. पण जितका मी मागे, तितके ते पुढे.

आणि मग आठवलं की पॅसेंजरची वेळ झालीय.

ती पुलाकडून यायची. माझ्या पाठीमागून. ती कटिंगात शिरली की हे जनावर बिथरणार, आणि या वीसेक फुटांच्या बोळात ते कुठेही पळालं तरी त्याच्या पायांखाली मीच. पुढे इंजिन, मागे शिंगं. मला अजूनही कधी कधी झोपेत ती भिंत पाठीला लागते.

मी वळलो आणि पळत सुटलो.

मागून हाक आल्यासारखी वाटली. आवाज धुक्यात घुसमटला होता, लांबून येत होता. मी थांबलो नाही. कशाचा आवाज, कुणाचा आवाज, हे मी स्वतःला विचारलंच नाही. नाकातोंडातून हवा ओढत, स्लीपरवरून ठेचकाळत मी कटिंगाबाहेर आलो, भरावावरून पुढे गेलो, आणि पुलाच्या पलीकडे कुठेतरी इंजिनाची शिट्टी वाजली.

धुक्यात झेंडी दिसणार नव्हती. फटाकेच बांधायला हवे होते. शिकवलेलं सगळं आठवत होतं, किती अंतर सोडायचं, किती बांधायचे. पण त्यासाठी पूल ओलांडायला लागला असता, आणि पुलावर गाडी आली तर उभं राहायलाही जागा नाही. मी पुलाच्या अलीकडेच गुडघे टेकले. फटाक्याला दोन बाजूंना पत्र्याच्या पट्ट्या असतात, त्या रुळाच्या डोक्याभोवती वाकवायच्या. लहान पोर वाकवील एवढ्या मऊ. माझ्या बोटांना वाकवता येईनात. फटाक्याची एक डबी हातातून निसटून भरावावरून खाली गेली. दुसरी दातांनी वाकवली. रूळ थरथरायला लागला होता, ते माझ्या हनुवटीला जाणवत होतं. तिसरी कशीतरी अडकवली आणि बाजूला अंग टाकलं.

दोन धमाके झाले. मग चाकं किंचाळायला लागली. धुकं असल्यामुळे गाडी हळूच येत होती, म्हणून ती थांबली. इंजिन माझ्यापुढे बरंच जाऊन उभं राहिलं. कटिंगाचं तोंड त्याच्यापासून शंभर पावलांवर असेल.

माझ्या हातात लाल झेंडी होती. ती मी कधी सोडवली, हलवली की नाही, आठवत नाही. मी उठलो, गाडीच्या कडेने धावलो आणि इंजिनाच्या शिडीला लटकून वर चढलो. दार आतून उघडलं आणि एका हाताने मला दंडाला धरून आत घेतलं. आत डिझेलचा वास होता, ऊब होती, चारी बाजूंनी लोखंड होतं. मी दार लावून घेतलं आणि कडीवरचा हात काढला नाही.

ड्रायव्हर फर्नांडिस मडगावचे. पांढऱ्या मिशा, निवृत्तीला आलेले. त्यांचा सहायक दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून पुढे बघत होता.

"काय झालं? रूळ तुटला?"

"गवे," मी म्हटलं. "कटिंगात. पाच-सहा."

"रूळ ठीक आहे?"

"ठीक आहे."

फर्नांडिसनी सुस्कारा सोडला. छातीवर क्रॉसची खूण केली. मग माझ्या खांद्यावर थोपटलं. "वाचवलंस बाबा. गव्याला धडकलो असतो तर इंजिन खाली उतरलं असतं. चारशे माणसं आहेत मागे." आणि मग त्यांनी ते विचारलं. अगदी साधेपणाने विचारलं, विचारायलाच हवं म्हणून.

"आत कोणी आहे का? तुमचं माणूस?"

तेव्हा मला ती हाक पुन्हा ऐकू आली. पळताना जी मी ऐकून न ऐकल्यासारखी केली होती, ती शब्दांसकट आली. "मोर्ये! आत आहात का? मोर्ये, पळू नका!" बाईचा आवाज. गव्यांच्या मागून, स्टेशनाकडच्या बाजूने.

कोळेकर मॅडम तोंडाशी उभ्या असणार होत्या. त्या आत आल्या होत्या. माझ्यासाठी.

हो म्हटलं असतं तर कुणीतरी खाली उतरून आत जायला हवं होतं. आणि वाट मला माहीत होती.

"नाही," मी म्हटलं. "कोणी नाही."

फर्नांडिसनी मान हलवली. "मग हॉर्न देऊन हाकलू. सावकाश जाऊ."

त्यांनी हॉर्न दिला. इंजिनात बसून तो ऐकला की छाती हादरते. गाडी मुंगीच्या पावलाने पुढे सरकली. दिव्याचा झोत कटिंगाच्या तोंडात शिरला आणि धुक्यात पाच-सहा जोड डोळे चमकले, हिरवट. एक क्षण ते तसेच राहिले. पुन्हा हॉर्न वाजला, आणि सगळे डोळे एकदम विझले. ते वळले होते. खुरांचा आवाज इंजिनाच्या घरघरीवरूनही ऐकू आला, डोंगरावरून दगड घरंगळत जावेत तसा. ते ज्या बाजूने आले त्याच बाजूला, स्टेशनाकडे, पळत होते.

"गेले, गेले," सहायक म्हणाला.

मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. किती वेळ गेला? हॉर्न दोनदा वाजला एवढं खरं. तिसऱ्यांदा फर्नांडिसचा हात वर गेला तेव्हा मी तो दोन्ही हातांनी धरला.

"थांबवा! आत बाई आहे. थांबवा!"

त्यांनी ब्रेक ओढला. मग माझ्याकडे वळून बघितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"आता बोलतोस?" एवढंच म्हणाले. सहायकाला म्हणाले, "गाडी हलवायची नाही. हॉर्न नाही. कुणी मागून खाली उतरलं तर आत पाठव." त्यांनी मोठा टॉर्च घेतला, दार उघडलं आणि साठीला आलेला तो माणूस शिडीवरून खाली उतरला. खाली उभं राहून वर बघितलं.

"चल. वाट तुला माहीत आहे."

मी उतरलो. ते पुढे आणि मी मागे. मला वाटतं, ते पुढे होते म्हणून मी चाललो. माझं अंग इतकं थरथरत होतं की खांद्यावरची हातोडी पान्यावर वाजत होती. फर्नांडिस थांबले, त्यांनी ती माझ्या खांद्यावरून काढून खडीवर ठेवली.

आतलं धुकं थोडं विरळ झालं होतं. कळप निघून गेला होता. पाडस जिथे पडलं होतं तिथे मात्र एक काळं धड अजून उभं होतं.

फर्नांडिसनी टॉर्च खाली केला. ती मादी होती. तिची मान गटाराकडे झुकलेली होती आणि ती हुंगत होती. लांब, सावकाश. गटारात खाकी कपडा दिसत होता.

"मॅडम," मी म्हटलं.

गटारातून अगदी हळू, एकसारख्या आवाजात उत्तर आलं, "हलू नका. कुणी हलू नका. ती मला काही करत नाहीये. तिचं ती बघतेय."

आम्ही हललो नाही. मादीने मान वर केली आणि आमच्याकडे बघितलं. तिच्या नाकपुड्यांतून वाफ येत होती. तिच्या आणि माझ्या मधे वीस पावलं असतील, आणि मागे पळायचं तर तेवढ्यात ती माझ्यापर्यंत दोनदा पोचली असती. माझ्या पायांतून ऊन धार बुटापर्यंत गेली. मला त्याची लाज वाटली नाही. तेवढी जागाच मनात नव्हती. एकच कळत होतं, की मी या वेळी हललो तर ती बाई मरेल.

असे आम्ही तिघं आणि ती. फर्नांडिस नंतर म्हणाले दहा मिनिटं. मला विचाराल तर मी सांगू शकणार नाही. आभाळाची पट्टी वर पिवळसर व्हायला लागली. मादीने पुन्हा एकदा खाली मान घालून त्या जागेचा, जिथे तिचं पाडस पडलं होतं त्या जागेचा वास घेतला. मग ती वळली आणि स्टेशनाकडे चालायला लागली. पळाली नाही. तिचा आवाज येईनासा झाला तरी आम्ही उभेच होतो.

मॅडमचं गळपट्टीचं हाड मोडलं होतं आणि तीन बरगड्या. हॉर्न झाल्यावर कळप उलटा फिरला तेव्हा त्या भिंतीला चिकटून उभ्या होत्या. पाचांपैकी चार अंगाला न लागता गेले. एकाची बगल लागली, तेवढी पुरली. गाडीतून खाली आलेल्या दोघातिघांनी आणि आम्ही त्यांना उचलून डब्यात घेतलं. स्टेशनातून जीपने तालुक्याच्या दवाखान्यात.

जीपची वाट बघत असताना फर्नांडिस माझ्याजवळ आले.

"मी तुला काही विचारलं नव्हतं," ते म्हणाले. "तू इंजिनात आलास आणि सांगितलंस, आत बाई आहे. समजलं?"

"पण..."

"मीही खाली उतरून न बघता गाडी पुढे घेतली. मला चार महिने राहिलेत." त्यांनी माझ्या ओल्या पँटकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. "घरी जा. कपडे बदल."

दुपारपर्यंत मी शूर झालो होतो. धुक्यात फटाके बांधून चारशे प्रवासी, एक वनरक्षक आणि गव्यांचा कळप वाचवणारा की-मन. स्टेशनमास्तरांनी पेढे आणले. धुरींनी पाठीवर थाप मारली, "यशा, नाव काढलंस मेल्या!" घरी बायको शालन दारात उभी होती. तिला कुणीतरी आधीच सांगितलं होतं. माझं तोंड बघून तिचं हसू गेलं.

"काय झाला? असा काय तोंड?"

मी तिला सांगितलं. सगळं. ती चुलीजवळ बसून ऐकत राहिली. मग म्हणाली, "त्या बायेक ठावक आसा?"

"नाय."

तिने जेवायला वाढलं. मी ताट तसंच ठेवून उठलो.

संध्याकाळी मी स्टेशनात गेलो आणि डायरी मागून घेतली. मंगळवारच्या नोंदीखाली लिहिलं: ती म्हैस नव्हती, गव्याचं पाडस होतं, मला तेव्हाच माहीत होतं. मग महिनाभरात शेण आणि ठसे कुठे कुठे दिसले ते आठवून लिहिलं. धुरी माझ्यामागे येऊन वाचत होते. "खुळावलंस काय?" ते म्हणाले. "आज बक्षीस घेवचा सोडून ह्या काय लिवतंस?" मी लिहीत राहिलो. त्या सकाळबद्दलही लिहायला बसलो होतो. पण फर्नांडिसचे चार महिने आठवले. तेवढं पान कोरं सोडलं. ते बरोबर केलं की चूक, मला अजून ठरवता आलेलं नाही.

बक्षीस आलं नाही. चौकशी आली, ताकीद आली, आणि दोन महिन्यांनी कटिंगाच्या दोन्ही बाजूंना पाट्या लागल्या: पहाटे पाच ते आठ, ताशी तीस किलोमीटर. पुढच्या वर्षी वनखात्याने वरून कुंपण घालून कळपाची वाट पुलाखाली वळवली.

दवाखान्यात मी चौथ्या दिवशी गेलो. मॅडम उशीला टेकून बसल्या होत्या, खांदा बांधलेला. मला बघून हसल्या. "या मोर्ये. तुम्ही गाडी थांबवली नसती तर आज माझा फोटो लावायला लागला असता."

मी उभ्या उभ्याच सांगितलं. लवकर निघालो ते. हाक ऐकली ते. ड्रायव्हरने विचारलं आणि मी नाही म्हटलं ते. फटाके कळपासाठी बांधले नव्हते, गाडीसाठी नव्हते, माझ्या एकट्यासाठी बांधले होते ते.

त्यांचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. बाहेर कुणीतरी बादली घासत होतं.

"स्टेशनात फोन केला तेव्हा म्हणाले, मोर्ये केव्हाच गेले," त्या म्हणाल्या. "म्हणून आत आले मी."

"माहीत आहे."

"जा तुम्ही आता."

मी गेलो.

त्या पुन्हा कामावर आल्या तेव्हा मला वाटलं होतं, तोंडही बघणार नाहीत. पहिल्याच सोमवारी पहाटे साडेपाचला फोन वाजला. "कोळेकर बोलतेय. कळप कटिंगाच्या वर आहे, पूर्वेला. सात वाजेपर्यंत आत जाऊ नका." आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी मी केला, "पुलाखाली ताजं शेण आहे." "बरं," त्या म्हणाल्या. असं नऊ वर्षं चाललं. कामाव्यतिरिक्त एक शब्द नाही. कशी आहे तब्येत नाही, सणाच्या शुभेच्छा नाहीत. मुलगी झाली तेव्हा पेढे घेऊन गेलो, तर डबा घेतला, बरं म्हणाल्या, आत ठेवला. त्या नऊ वर्षांत बावीस नंबरच्या कटिंगात एकही गवा गाडीखाली आला नाही. आणि त्या नऊ वर्षांत एकही सकाळ अशी गेली नाही की तोंडाशी आल्यावर माझे पाय जड झाले नाहीत. मी थांबायचो, घाम पुसायचो, मग आत जायचो. जे दिसेल ते लिहायचो. एकदा रानडुकराचा नुसता केस लिहिला होता.

मग त्यांची बदली झाली. जायच्या आदल्या दिवशी त्या नव्या वनरक्षकाला हद्द दाखवायला रुळावर घेऊन आल्या. विदर्भातला उंच, उत्साही तरुण, नवे बूट. कटिंगाच्या तोंडाशी मी चाव्या ठोकत होतो. उठून उभा राहिलो.

"हे मोर्ये," त्या त्याला म्हणाल्या. "इथलं काहीही असलं तर यांना विचारायचं."

"होय मॅडम. तुमच्याबद्दल खूप ऐकलंय," तो मला म्हणाला. "गाडी थांबवली होती तुम्ही."

मी मॅडमकडे बघितलं. त्या कटिंगाच्या आत बघत होत्या.

"ते घाबरतात," त्या म्हणाल्या. "फार घाबरतात. पण जे दिसतं ते लिहितात. त्यावर विश्वास ठेव."

तो तरुण हसला. त्याला ती चेष्टा वाटली. आम्ही दोघं हसलो नाही.